कळतं, पण वळत नाही...

मैत्रिणींनो, दारूच्या व्यसनात अडकलेल्या माणसाला कुणी समजावलंच नाही, असं एकही घर माझ्या पाहण्यात नाही. बायको समजावते, आई रडते, सासरेबुवा चारचौघांत पाणउतारा करतात. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. कुणी नवस बोलतं, कुणी गळ्यात तुळशीची माळ घालायला लावतं. हे सगळं करून थकलेली बाई आमच्या केंद्रात येते आणि पहिलं वाक्य बोलते ते हेच, "ताई, तुम्ही त्यांना जरा समजावून सांगा ना. तुमचं ऐकतील."

आज या सदरात या 'समजावून सांगण्या'विषयीच लिहायचं आहे. मी काही डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. केलं, संसार केला, आणि मुलं हाताशी आल्यावर तालुक्याच्या गावातल्या आमच्या महिला मंडळाच्या कौटुंबिक सल्ला केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसू लागले. व्यसनी माणसाशी कसं बोलावं याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. त्यात जे शिकले आणि नंतर केंद्रात डोळ्यांनी पाहिलं, ते तुमच्यापर्यंत पोचावं असं फार दिवस मनात होतं.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्या. दारू वाईट हे पिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. सकाळी उठल्यावर तोंडाला येणारी चव त्याची, वाण्याची उधारी चुकवायला मागच्या गल्लीने जाण्याची वेळ त्याची, पोरीने मैत्रिणींसमोर 'बाबा' म्हणून ओळख द्यायचं टाळलं ते पाहिलेलंही त्यानेच. त्याला कळत नाही असं नाहीच. आपल्याकडे म्हणतात तसं, कळतं पण वळत नाही. त्याच्या मनात दोन माणसं भांडत असतात. एक म्हणतो, 'पुरे झालं आता.' दुसरा म्हणतो, 'आजच्या दिवस घेऊ, उद्या बघू.'

आता आपण काय करतो? पहिल्या माणसाची सगळी वाक्यं आपणच बोलून टाकतो! बघा, हा संवाद ओळखीचा वाटतो का.

"अहो, डॉक्टरांनी सांगितलंय ना, लिव्हर खराब होईल."
"कुणाला काय होत नाही. आमचे आजोबा रोज घ्यायचे, नव्वदीला गेले."
"पैसे किती जातात बघा जरा."
"माझ्या कष्टाचे आहेत. तुझ्या बापाने नाही दिले."
"पोरांकडे तरी बघा!"
"पोरांना काय कमी केलंय मी? सांग!"

बायकोने एक कारण द्यायचं, त्याने एक उत्तर द्यायचं. पाच मिनिटांत तो दारूचा वकील होऊन बसतो. आणि माणसाच्या मनाची गंमत अशी, की आपण जे तोंडाने बोलतो ते आपल्यालाच पटत जातं. म्हणजे आपण जितकं समजावलं, तितकी त्याची दारूची बाजू पक्की झाली. बाईचा हेतू शंभर टक्के चांगला, पण उलटं होतं ते असं.

या उलट्या गाडीला सुलट करणारी बोलण्याची एक पद्धत आहे. इंग्रजीत तिला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. नाव नोकरीच्या मुलाखतीसारखं वाटतं, पण तसं काही नाही. साध्या मराठीत म्हणायचं तर, समोरच्याच्या मनातली बदलण्याची इच्छा त्याच्याच तोंडून बाहेर काढणारं बोलणं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर १९८२ साली नॉर्वेत गेले होते. दारू सोडवण्याच्या कामातले तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना मध्येच थांबवून विचारत, 'तुम्ही आत्ता हाच प्रश्न का विचारलात? हे वाक्य का बोललात?' त्या प्रश्नांची उत्तरं देता देता मिलर यांना आपली पद्धत स्वतःलाच नीट उमगली. १९८३ मध्ये त्यांनी त्यावर पहिला लेख लिहिला आणि १९९१ मध्ये स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर पुस्तक काढलं. आज जगभर व्यसनमुक्तीच्या कामात ही पद्धत शिकवली जाते.

यातली मुख्य कौशल्यं चार. पहिलं, हो-नाहीत उत्तर संपणार नाही असा प्रश्न विचारणं. 'दारू सोडणार की नाही?' हा झाला पोलिसी प्रश्न. 'दारूने तुमच्या आयुष्यात काय काय बदललं?' हा मोकळा प्रश्न. दुसरं, समोरच्यातलं खरोखरचं चांगलं असेल ते बोलून दाखवणं. तिसरं, तो बोलला त्याचा अर्थ त्यालाच परत ऐकवणं, आरशासारखा. चौथं, शेवटी सगळं गोळा करून त्याच्यासमोर मांडणं. वाचायला सोपं वाटतं, पण जीभ आवरायला फार कष्ट पडतात. समोरचा चुकतोय हे दिसत असताना त्याला दुरुस्त करायची घाई सगळ्यांनाच होते, आणि आपण बायका तर घर सावरायला जन्मलोय असंच आपल्याला शिकवलेलं!

एक उदाहरण सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका गवंड्याला त्याच्या बायकोने केंद्रात आणलं. बाई चार घरची धुणीभांडी करते, दोन मुलं शाळेत. तो खुर्चीच्या टोकावर बसला, नजर दाराकडे. बाईला बाहेर चहा देऊन बसवलं.

"दादा, आज तुम्हाला इथं यावं लागलं, मनात नसताना."
"मग काय. हिच्या डोक्यात भरवलंय कुणीतरी. मी काय बेवडा आहे का?"
"तुम्हाला बेवडा म्हटलेलं आवडलं नाही."
"कुणाला आवडेल? वीस वर्षं काम करतोय. या गावातले निम्मे बंगले माझ्या हाताखालून गेलेत."
"कामाचं नाव आहे तुमचं."

तो जरा नीट बसला.

"होतं, ताई."
"होतं?"

यानंतर तो बराच वेळ बोलला नाही. अशा वेळी गप्प राहणं हेही शिकावं लागतं. मग त्याने आपण होऊन सांगितलं, की सकाळी हात थरथरतो. थोडी घेतल्याशिवाय ओळंबा धरवत नाही. मागच्या महिन्यात एक भिंत ओळंब्याबाहेर गेली आणि ती त्याच्या हाताखाली शिकलेल्या पोराने सगळ्यांसमोर दाखवली. ठेकेदार काही बोलला नाही, पण पुढच्या कामाला बोलावणं त्या पोराला गेलं.

बायकोच्या दहा वर्षांच्या समजावण्यात पैसे होते, पोरं होती, लिव्हर होतं, समाज होता. ओळंबा नव्हता! तो तिला ठाऊकच नव्हता. आणि त्या माणसाच्या काळजाला लागलं होतं ते तेवढंच.

मग त्याला विचारलं, "शून्य ते दहा अशी पट्टी धरा. दारू कमी करणं किंवा सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?"
"चार असंल."
"चार? एखाद-दुसरा का नाही म्हणालात?"

या प्रश्नातली खुबी लक्षात आली का? 'दहा का नाही?' असं विचारलं असतं, तर त्याने न सोडण्याची कारणं सांगितली असती. 'एक का नाही?' विचारल्यावर सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून आली. "हात गेला तर मी काय करणार, ताई? मला दुसरं काही येत नाही." हे वाक्य मी म्हटलं असतं तर ते प्रवचन झालं असतं. त्याने म्हटलं म्हणून ते त्याचं झालं.

वारकरी घरांतल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. मनाने ठरवून माळ घातली आणि दारूला पुन्हा शिवला नाही, अशी माणसं आपल्या गावागावांत आहेत. पण बायकोच्या धाकाने घातलेली माळ खुंटीला जायला वेळ लागत नाही. माळ तीच असते, ती कुणाच्या मनाने घातली एवढाच फरक.

आता कुणी म्हणेल, हे गोड गोड बोलणं झालं, चार शब्द खडसावल्याशिवाय असली माणसं वठणीवर येत नाहीत. खुद्द मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे तपासून पाहिलं. समुपदेशक पिणाऱ्याशी जितका जास्त वाद घाली, त्याला कोंडीत पकडी, तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त असल्याचं आढळलं.

आणि हे फक्त परदेशातलं नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ३७७ पुरुषांबरोबर याच धर्तीच्या समुपदेशनाचा प्रयोग केला. २०१७ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. यांचं पिणं घातक पातळीवर पोचलं होतं, पण पूर्ण गुलामी आलेली नव्हती. निम्म्यांना नेहमीचा उपचार, आणि निम्म्यांना त्याबरोबर जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन. तीन महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशन मिळालेल्यांतले ४२ टक्के आधीच्या दोन आठवड्यांत दारूला अजिबात शिवले नव्हते, दुसऱ्या गटात हे प्रमाण १८ टक्के होतं. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. हे समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. तिथलीच, नीट प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी.

पण त्याच प्रयोगातला दुसरा निष्कर्षही मैत्रिणींना सांगितलाच पाहिजे. बायकोला होणाऱ्या मारहाणीत या समुपदेशनाने फरक पडल्याचं दिसलं नाही. तेव्हा 'दारू सुटली की मारणं आपोआप सुटेल' या आशेवर कुणी दिवस काढू नयेत. ऐकून घेणं म्हणजे सोसणं नाही. अंगावर हात टाकणाऱ्या माणसासमोर बसून त्याच्या भावना समजून घेण्याची जबाबदारी तुमची नाही. तिथे आधी स्वतःचा आणि मुलांचा जीव. शेजारीण, माहेर, महिलांसाठीचा १८१ क्रमांक, तातडीच्या वेळी ११२, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. त्याचा आधार घेताना 'दारूच्या नशेत होतं, मुद्दाम नव्हतं' हे वाक्य मध्ये येऊ देऊ नका.

आणखी दोन धोके. पहिला, 'आजपासून बंद म्हणजे बंद' हा. रोज पिणाऱ्या, सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाची दारू एकाएकी थांबली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून त्या गवंडीदादांना नुसतं बोलून घरी पाठवलं नाही, आधी सरकारी रुग्णालयात डॉक्टरांकडे नेलं. बोलणं आणि औषध हातात हात घालूनच चालतं.

दुसरा धोका बाजारात मिळतो. 'नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात वाचून पुड्या आणायच्या आणि भाजीत, चहात मिसळायच्या. पुडीत काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. दारूबरोबर उलटी, धडधड आणणारं डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला पूर्ण कल्पना देऊनच द्यायचं असतं. नकळत पोटात गेलं आणि वर दारू प्यायली, तर जिवावर बेतू शकतं. शिवाय उद्या त्याला कळलं, तर तो तुमच्या हातचा चहा पुन्हा विश्वासाने पिईल का?

मग घरातल्या बाईने करायचं काय? एक तर, तिने समुपदेशक व्हावं असं माझं म्हणणं नाही. बायकोने बायको राहावं. पण बोलण्याची वेळ आणि ढंग थोडा बदलता येतो. तो प्यायलेला असताना एक शब्द बोलू नका. भांडणही नको, विनवणीही नको. सकाळी, शुद्धीत, चहाच्या वेळी बोला. 'तुम्ही नेहमी असंच करता' याऐवजी 'काल तुम्ही जेवायला घरी होतात, पोरं खूश होती, मलाही बरं वाटलं' एवढंच म्हणा. न प्यायलेल्या संध्याकाळी घरात हसू-बोलू द्या, आणि प्यायलेल्या रात्री त्याचं निस्तरत बसू नका. मालकाला 'ताप आलाय' असा खोटा फोन करू नका, गुत्त्याची उधारी तुम्ही भागवू नका. तो बिथरेल अशी भीती असेल तर मात्र आधी केंद्रात बोला, एकटीने करू नका. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा प्रकारे घरच्यांना तयार केलं, तेव्हा ६४ टक्के घरांतला पिणारा माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून त्याला घेरण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं.

आणि स्वतःसाठीही कुणीतरी शोधा. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. व्यसन एकाचं असलं तरी आजारी सगळं घर पडतं, हे त्यामागचं म्हणणं. बचत गटात हप्त्याचा हिशेब झाल्यावर या विषयाला पंधरा मिनिटं द्यायला काय हरकत आहे? आपल्याच घरात हे आहे असं वाटून गप्प बसलेली बाई शेजारी दुसरीलाही तसंच बसलेलं पाहते, तेव्हा निम्मा भार उतरतो.

गवंडीदादांचं पुढे काय झालं, असं विचाराल. चार महिने चांगले गेले. पुतण्याच्या लग्नात वरातीत घसरले. बाई रडत आली, "सगळं पाण्यात गेलं, ताई." तिला सांगितलं, चार महिने पाण्यात जात नसतात. ते स्वतः आले, मान खाली. त्यांना विचारलं, "हे चार महिने कसे काय जमवलंत?" ते आठवत आठवत सांगू लागले, आणि सांगता सांगता पुढचा बेतही त्यांनीच मांडला. वरातीला जायचं नाही, जेवणाला जायचं. आज ते कामावर आहेत. उद्याचं मी सांगू शकत नाही, तेही सांगत नाहीत.

आता थोडं मोठ्या चित्राकडे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. दारूवाचून चालेनासं झालेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळाल्याचं त्यात आढळलं. बाकीचे ३७ आपापल्या घरी आहेत, आणि त्यांना समजावणाऱ्या बायकाही. आपल्याकडे बायकांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली, दुकानं बंद पाडली. ते काम मोठंच आहे. पण दुकान बंद झालं तरी माणसाच्या मनातली ओढ शेजारच्या गावापर्यंत चालत जाते. २०२० मध्ये 'नशामुक्त भारत अभियान' सुरू झालं. शाळांतून फेऱ्या निघतात, सामुदायिक शपथा होतात. शपथेचं काय होतं हे आपल्या घराघरांत माहीत आहे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा बोलण्याचं प्रशिक्षण घेतलेलं एक तरी माणूस हवं. आठवड्यातला एक ठरलेला दिवस हवा, आणि दार लावता येईल अशी एक खोली. गोव्यात शिकलेल्या साध्या माणसांना जे जमलं, ते आपल्या आशाताईंना, बचत गटाच्या प्रमुखांना, निवृत्त शिक्षिकांना जमणार नाही का? मात्र आशाताईंवर आणखी एक फुकटचं काम लादून नव्हे. प्रशिक्षणाचा वेळ आणि कामाचा मोबदला देऊन. पुढच्या ग्रामसभेत, महिला सभेत हा विषय लेखी मांडा. ठराव करून घ्या, आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोचवा.

तोवर घरात कुणाला मदत हवी असेल, तर व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे. पिणाऱ्यानेच फोन केला पाहिजे असं काही नाही. त्याच्या घरचं माणूसही करू शकतं. तुम्हीसुद्धा.